आंब्याच्या मोहरावर कोण बसतं?

कसाऱ्याहून विहीगाव मागे टाकून खोडाळ्याच्या वाटेला लागलं, की पावसाळा सरता सरता दोन दृश्यं नजरेला पडतात. पहिलं ओहोळाच्या कडेचं. गुरं पाणी पिऊन नुकतीच वर गेलेली असतात. ओल्या वाळूत खुरांचे ठसे, मुताचा उग्र वास, शेणाचे पो. आणि त्याच वाळूवर तळहाताएवढं काळं-निळं फुलपाखरू पंख हलवत बसलेलं. त्याची सोंड चिखलात रुतलेली असते, माणूस दोन हातांवर आला तरी ते उठत नाही. दुसरं दृश्य वरच्या माळावरचं. खुरासणी पिवळीधमक फुललेली, मधमाश्यांची लगबग, आणि त्यांच्यात मिसळून गेलेली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक लहानशी माशी. फुलासमोर ती हवेत टांगल्यासारखी थबकते, सुळकन बाजूला सरकते, पुन्हा थबकते आणि मग फुलावर उतरून पराग चाटू लागते.

फुलपाखरू गुरांच्या मुतावर आणि माशी फुलावर. बालवाडीच्या भिंतीवरच्या चित्रात ही अदलाबदल कोणी खपवून घेणार नाही.

फुलपाखराचं इंग्रजी नाव ब्लू मॉरमॉन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. जून २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. असं फुलपाखरू निवडणारं हे देशातलं पहिलं राज्य. आधी त्याला ‘राणी पाकोळी’ म्हटलं गेलं, पुढे राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावं द्यायला घेतली तेव्हा ते ‘नीलवंत’ झालं. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण यांच्या पंगतीत त्याचं पान मांडलं गेलं. पंखांचा विस्तार बारा ते पंधरा सेंटिमीटर. देशात त्याच्याहून मोठी फुलपाखरं शोधायची तर बोटावर मोजण्याइतकी. माशीचं तसं काही नाही. कृषी पुस्तिकांत तिला ‘सिरफिड माशी’ म्हणतात, ते तिच्या सगळ्या कुळाचं नाव. या कुळात जगभरात सुमारे ६ हजार जाती आहेत. आपल्या शेतांत नेहमी भेटणाऱ्यांपैकी एक म्हणजे इस्किओडॉन स्कुटेलारिस, लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. फाब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १८०५ साली तिची शास्त्रीय नोंद केली; त्यानंतर मराठी छापखान्यात तिच्यासाठी नवा खिळा जुळवावा असं फारसं कोणाला वाटलेलं दिसत नाही.

नीलवंताला मान मिळाला हे उत्तमच झालं. पण सरकारची, शाळांची आणि बहुतेक निसर्गप्रेमींची नजर तिथेच थांबली. खोडाळ्याच्या परिसरातल्या आंब्याच्या वाडीचं पोट जिच्यावर कितीतरी जास्त अवलंबून आहे, ती माशी यादीच्या बाहेरच राहिली. हे सौंदर्याच्या स्पर्धेपुरतं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. प्रत्यक्षात ते फवारणीच्या पंपापर्यंत जाऊन पोचतं.

मराठीने माशीवर फार आधीपासून राग धरलेला आहे. काम अडलं की ‘माशी शिंकली’, रिकामटेकडा ‘माश्या मारतो’, तापट माणूस ‘नाकावर माशी बसू देत नाही’ आणि डोकं न वापरता नक्कल उतरवणारा कारकून ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ करून ठेवतो. शिवाय या एका शब्दात भाषेने कोणालाही कोंबलं आहे. मधमाशी आणि गांधीलमाशी या खऱ्या माश्या नव्हेत. त्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात आणि त्यांचं नातं मुंग्यांशी आहे. कपाशीवरची पांढरी माशी तर माव्याची भाऊबंद. उलट डास हा अस्सल माशीच्या गणातला, पण त्याला माशी कोणी म्हणत नाही. खऱ्या माशीची खूण सोपी आहे: पंखांची एकच जोडी. मागची जोडी उत्क्रांतीच्या ओघात आक्रसून दोन बारीक गाठींएवढी उरली, आणि उडताना त्या गाठी तोल सांभाळतात. सिरफिड माशी हवेत एका जागी उभी राहते ती त्यांच्याच आधाराने. नीलवंताचे चार रुंद पंख डौलदार खरे, पण तसं निश्चल थबकणं त्याला साधत नाही.

माशीचे पट्टे मात्र उसने आहेत. गांधीलमाशीचा वेश पांघरला की पक्षी वाटेला जात नाहीत, एवढाच त्यामागचा हिशोब. नांगी नाही, विष नाही. हातावर बसली तर घामातलं मीठ चाटते आणि निघून जाते. तरीही माणूस पट्टे पाहून दचकतो आणि टॉवेल झटकतो. सोंग जमलं, पण बिचारीला भलत्याच ठिकाणी महागात पडलं.

हेच सोंग नीलवंताच्या घराण्यातही चालतं. त्याचं जवळचं भावंड कॉमन मॉरमॉन, म्हणजे पॅपिलिओ पॉलिटीस, याची मादी अनेक रूपांत येते. एका रूपात ती नरासारखी असते, तर इतर रूपांत कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ या पक्ष्यांना न पचणाऱ्या फुलपाखरांची नक्कल करते. ‘मॉरमॉन’ हे नावही त्यावरूनच पडलं. एका नराभोवती निरनिराळ्या दिसणाऱ्या माद्या पाहून इंग्रज निरीक्षकांना अमेरिकेतल्या मॉरमॉन पंथातली बहुपत्नीत्वाची चाल आठवली. एकाच जातीची मादी इतकी सोंगं कशी घेते, याचं उत्तर मार्च २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलं. त्या निबंधाचे पहिले लेखक होते कृष्णमेघ कुंटे, ‘बटरफ्लाइज ऑफ पेनिन्सुलर इंडिया’ या पुस्तकाचे कर्ते. सगळी किल्ली एकाच जनुकात निघाली: डबलसेक्स. आणि हे जनुक विज्ञानाला आधी ठाऊक झालं होतं ते माशीत. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या ड्रॉसोफिला या चिलटात नर आणि मादी यांची शरीरं वेगळी घडवण्याचं काम तेच करतं. माशीवर आधी काम झालेलं नसतं, तर फुलपाखराच्या पंखांवरचं कोडं उलगडायला हाताशी शब्दच नसता. कुंटे जिथे काम करतात ते बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ओबेद सिद्दिकींनी उभं केलं. आणि त्याआधी मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, सिद्दिकींनी याच चिलटांच्या वासाचा आणि चवीचा माग काढला होता. थॉमस हंट मॉर्गन यांना १९३३ साली या चिलटाच्या अभ्यासाने नोबेल मिळवून दिलं, आणि २०१७ साली शरीरातल्या घड्याळाच्या संशोधनासाठी पुन्हा त्याच चिलटाच्या अभ्यासकांना ते मिळालं.

बालपण पाहिलं तर दोघांतलं अंतर आणखी स्पष्ट होतं. नीलवंताची मादी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर एकेक सुटं अंडं घालते. रानात माकडलिंबू, परसात लिंबू किंवा पपनस. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे राज्याच्या या मानकऱ्याचं बालपण विष्ठेच्या वेशात जातं. पुढे ती हिरवीगार होते, डिवचली की डोक्यामागून दुभंगलेलं, घाणेरड्या वासाचं शिंग बाहेर काढते आणि दिवसभर पानं खाते. नीलवंताचा शेतकऱ्याला फारसा त्रास नाही, पण त्याच घराण्यातलं पॅपिलिओ डेमोलियस हे फुलपाखरू लिंबू-संत्र्याच्या रोपवाटिकांत कोवळी पानं फस्त करतं. कृषी पुस्तिकेत ते कीड म्हणून नोंदलेलं असतं, शाळेच्या तक्त्यात सुंदर कीटक म्हणून. भाताच्या खाचरातही तेच. संध्याकाळी दिव्याच्या उजेडाला येणारं, वाळक्या पानासारखं दिसणारं कॉमन इव्हिनिंग ब्राउन हे फुलपाखरू अळी असताना भाताची पानं खातं. डोक्यावर दोन शिंगं असलेली हिरवी अळी पाहणाऱ्याला पुढे तिचं काय होतं याचा पत्ता असतोच असं नाही.

सिरफिडची मादी अंडी घालायला जागा हेरते ती माव्याने बरबटलेल्या शेंड्यांची. चवळी, वाल, कोबी, मोहरी, जिथे मावा तिथे ती. तिची अळी आंधळी, बिनपायाची, किळस यावी अशी. चाचपडत ती माव्यापर्यंत पोचते, एकेकाला तोंडात धरून उचलते, शोषून रिकामं करते आणि टरफल टाकून पुढच्याकडे वळते. मोठी होईपर्यंत एक अळी शेकडो मावा संपवते. आता शेतकऱ्याच्या बाजूने विचार करावा. शेंड्यावर मावा आहे, त्यातच ही लिबलिबीत अळी वळवळते आहे. तो दोघांनाही एकाच रोगाचं लक्षण समजतो आणि पंप पाठीवर घेतो. फवारणीने दोन्ही मरतात. मावा भराभर वाढणारा, तो लवकर परततो. अळीला पुन्हा येण्यासाठी आधी माशी जगावी लागते, तिला फुलं मिळावी लागतात, मग अंडी. या मधल्या काळात मावा पुन्हा माजतो आणि दुकानदार दुसरी बाटली काढून देतो.

खोडाळ्याच्या भागात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथली शेती गेल्या तीन दशकांत बदलली. मणिभाई देसाईंनी उभ्या केलेल्या बाएफ या संस्थेने १९८२ साली गुजरातेत वांसद्याला ‘वाडी’ कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो इकडे जव्हार-मोखाड्यात आणला. एकरभर वरकस जमिनीत आंबा, काजू, कडेला जंगली झाडांचं कुंपण, झाडांच्या ओळींत नागली, वरी किंवा भाजी. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जाणाऱ्या कुटुंबांना गावात धरून ठेवण्याचा तो एक खटाटोप होता. मोगराही आला, इथल्या कळ्या पहाटे दादरच्या फुलबाजारात पोचू लागल्या. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांच्या या भागात आंब्याचं झाड म्हणजे घरातल्या दोन-चार महिन्यांच्या हातखर्चाची सोय. आंब्याला मोहर आला की घर वर्षाचा हिशोब मांडू लागतं.

आणि आंब्याचा मोहर हे मुख्यतः माशीचं काम आहे.

मोहराचं फूल हातात घेऊन पाहावं. काही मिलिमीटरचं, उघडं, मध वरवरच चकाकणारा. लांब सोंडेच्या फुलपाखराला ते सोयीचं नाही, तळहाताएवढ्या नीलवंताला तर त्यावर नीट टेकायलाही जागा नाही. मधमाशीलाही आंब्याची फार ओढ नसते. जवळ दुसरं काही फुललेलं असेल तर ती तिकडे वळते. आखूड, चाटणाऱ्या तोंडाच्या माश्यांना मात्र हा पसाऱ्यावर मांडलेला मध फार सोयीचा. सिरफिड येते, घरमाशी येते, आणि आठवडी बाजारात सुकटीच्या पाटीवर घोंघावणारी ती निळी-हिरवी चमकदार माशीही येते. एका घोसात शेकडो, कधी हजारांवर फुलं. त्यांत बरीचशी नुसती नर. उभयलिंगी फुलावर दुसऱ्या फुलाचा पराग पोचायला अशीच उठवळ, एका फुलावर स्थिर न राहणारी पाहुणी लागते. ऑस्ट्रेलियातल्या आंबा बागायतदारांनी यावर लाज न बाळगता उपाय शोधला: मोहराच्या दिवसांत बागेत कुजकं मांस किंवा मासळी ठेवायची, म्हणजे माश्या जमतात. वासाने नाक मुरडणाऱ्या पर्यटकांची तिथे कोणी पर्वा केली नाही.

आंबा हा महाराष्ट्राचा राज्यवृक्ष. राज्य फुलपाखराचा त्याला जवळजवळ काहीच उपयोग नाही, आणि ज्या माशीचा आहे तिच्या नावाचा एक फलकही राज्यात कुठे लागलेला ऐकिवात नाही. नीलवंतावर अन्याय नको म्हणून सांगायला हवं की तोही परागवहन करतो. भारंगीच्या कुळातली झुडपं, एक्झोरा, घाणेरी यांची फुलं तो हिंडतो आणि रानातल्या काही झाडोऱ्याला त्याची गरज आहे. पण बाजारात जाणाऱ्या मालाचा हिशोब मांडला तर पारडं माशीकडे झुकतं. २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात पाच खंडांतल्या ३९ अभ्यासांचा एकत्रित ताळेबंद प्रसिद्ध झाला. पिकांच्या फुलांना कीटकांनी दिलेल्या एकूण भेटींपैकी २५ ते ५० टक्के भेटी मधमाश्या आणि त्यांच्या नात्यातल्या माश्यांच्या नव्हत्याच. त्या माश्या, भुंगेरे, पतंग, फुलपाखरं, मुंग्या अशांच्या होत्या, आणि त्यांत खऱ्या माश्यांचा वाटा मोठा.

सिरफिड किती प्रवास करतात, हेही अलीकडे कळलं. इंग्लंडमधल्या एक्सटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली रडारच्या साहाय्याने हिशोब मांडला: दक्षिण इंग्लंडवरून दरवर्षी एक ते चार अब्ज सिरफिड ये-जा करतात. त्या वाटेवर पराग वाहतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. फुलपाखरांच्या स्थलांतरावर माहितीपट निघतात. या माश्या मात्र डोक्यावरून जातात आणि कोणी मान वर करत नाही.

आता दुसरी बाजू. घरमाशीची वकिली कोणी करू नये. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं, तेव्हापासून या भागाचं नाव कुपोषणाशी जोडलं गेलं. अशक्त मूल आणि जुलाब यांची गाठ पडली की काय होतं, हे इथल्या प्रत्येक अंगणवाडी सेविकेला ठाऊक आहे. पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये खेड्यांत माश्या आटोक्यात आणल्यावर लहान मुलांचे जुलाब २३ टक्क्यांनी घटले, असा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तेव्हा ताटावरची माशी हाकलायलाच हवी, उकिरडा झाकायलाच हवा. घरमाशी मोहरावर बसते म्हणून तिला स्वयंपाकघरात मोकळीक देता येत नाही.

फळमाशीचाही बचाव नाही. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही बारकी माशी पिकत्या आंब्याच्या सालीखाली अंडी घालते आणि कापलेल्या फोडीत पांढऱ्या अळ्या उड्या मारताना दिसतात. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली ती अशाच किडींमुळे. आधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली होती. बंदी उठायला पुढचं वर्ष उजाडलं. युरोपला पाठवायच्या आंब्यासाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बुडवण्याची प्रक्रिया आली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा या माशीसाठीच आहे. त्यात मिथाइल युजेनॉल असतं, तुळशीतही आढळणारं एक सुगंधी द्रव्य, आणि त्याच्या वासाला फक्त नर भुलतात. त्याच्या शोधाची हकिकत मजेदार आहे. बिहारातल्या पुसा इथे फ्रँक हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाच्या शेजाऱ्याने डास पळवायला सिट्रोनेला तेल वापरलं, तर डास राहिले बाजूला आणि फळमाश्यांचे नर गोळा झाले. हॉवलेटने १९१२ साली ते छापलं आणि त्या धाग्यावरून पुढे मिथाइल युजेनॉलपर्यंत पोचला. जगभरच्या आंबा बागांत आज जे सापळे लटकतात त्यांचं मूळ या भारतीय अंगणातल्या फजितीत आहे.

हा सापळा इथे मुद्दाम आठवावा लागतो, कारण माशीशी शहाणपणाने कसं वागावं याचा तो नमुना आहे. तो फळमाश्यांच्याच मागे लागतो. सिरफिड त्याकडे ढुंकून पाहत नाही, निळी माशी येत नाही. याउलट मोहरावरच्या तुडतुड्यांसाठी पंपातून उडणारं औषध मोहरावर बसलेल्या सगळ्यांना एकच न्याय लावतं. परागीभवन करणाऱ्या कीटकांना जपण्यासाठी मोहर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक टाळावं, असं कृषी तज्ज्ञ सांगतात. पण ‘परागीभवन करणारे कीटक’ हे शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मधमाशी येते. बागेत मधमाशी दिसली नाही की तो निर्धास्त होतो. माश्या तर आहेतच, त्या असतातच, आणि मेल्या तरी काय बिघडलं?

जगात माश्यांच्या दीड लाखांहून जास्त जातींची नोंद झाली आहे, फुलपाखरांच्या सुमारे १८ हजार. म्हणजे एकाला आठ. पुस्तकांच्या फडताळावर मात्र प्रमाण उलटं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५७ साली विंटर-ब्लाइथचं फुलपाखरांवरचं पुस्तक काढलं, २००८ साली आयझॅक किहिमकरांचं. मधल्या आणि नंतरच्या काळात लहान-मोठी किती आली याची गणती नाही. सिरफिडसाठी पहिलं मोठं पान उघडायचं तर अजूनही ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतला १९२३ सालचा खंड काढावा लागतो. तो लिहिला एनरिको ब्रुनेट्टी या गृहस्थाने, ज्याचा पेशा होता संगीत. सूर विकून पोट भरणारा माणूस गुणगुणणाऱ्या माश्यांच्या मागे लागला, एवढीच काय ती या शाखेच्या वाट्याला आलेली रसिकता.

सरसकट मोजणी केली की काय हाती लागतं ते जर्मनीत दिसलं. क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटकमंडळींनी १९८९ पासून संरक्षित क्षेत्रांत जाळी लावून उडणारे सगळे कीटक गोळा केले, सुंदर-कुरूप न निवडता, आणि दरवर्षी त्यांचं वजन केलं. २०१७ साली आकडे प्रसिद्ध झाले: २७ वर्षांत वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटलं होतं. नुसती फुलपाखरं मोजत बसले असते तर ही घसरण एवढ्या स्पष्टपणे हाती लागली नसती.

आपल्याकडे मोजणीसाठी कायदा आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिने करायची लोक जैवविविधता नोंदवही. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि न पाळल्यास महिन्याला १० लाखांच्या दंडाची तंबी दिली, तेव्हा देशभर या वह्या भराभर भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या वहीत वाघ-बिबट्या येतो, मोर येतो, नीलवंत येतो. माशी कशाला येईल? गावात फुलपाखरू उद्यान हवं असा ठराव झाला तर निधीसाठी धडपड होते, रोपं लावली जातात, कमान उभी राहते. बांधावरचं रान जाळू नका, खुरासणीचा एक पट्टा राखा, अशा ठरावाला कमान नसते आणि म्हणून बहुधा छायाचित्रही नसतं.

खुरासणीचं नाव पुन्हा आलं ते सहज नाही. देशभर तिचा पेरा आटत गेला आहे, तेलासाठी बाजारातली पिशवी स्वस्त पडते. पण ते फूल परपरागीभवनावर जगतं. कीटक आले नाहीत तर दाणा भरत नाही. म्हणून पावसाळ्याच्या अखेरीला ते कीटकांची मोठी पंगत मांडतं. ही पंगत उठली की मोहरापर्यंतच्या मधल्या महिन्यांत माशीने काय खाऊन जगायचं? वाडीतल्या आंब्याचा विचार करताना वरच्या माळावरच्या खुरासणीचा विचार आपोआप व्हायला हवा. कृषी सहायक आणि वन खातं यांच्या कपाटांत मात्र हे दोन विषय वेगवेगळ्या फायलींत राहतात.

नावाचंही काही करायला हवं. हवेत थबकते म्हणून ‘थबकी’ म्हणायला हरकत नाही. ‘सिरफिड’पेक्षा ते जिभेवर लवकर बसेल. पण त्याआधी खोडाळ्यात, सूर्यमाळेवर, देवबांधच्या आसपासच्या पाड्यांवर जाऊन विचारावं. रानात गुरं राखणाऱ्याने आणि खुरासणी कापणाऱ्या बाईने ही माशी आयुष्यभर पाहिली आहे. जैवविविधता मंडळाच्या नामकरण समितीने फुलपाखरांइतकाच वेळ त्यांच्याबरोबर घालवला तर कदाचित नवं नाव घडवावंच लागणार नाही.

आणि मोजणी तर आश्रमशाळेतली मुलंही करू शकतात. जानेवारी-फेब्रुवारीत मोहर फुलला की ऊन चढल्यावर एका घोसासमोर दहा मिनिटं उभं राहायचं. लागतं ते एवढंच: वही, पेन्सिल आणि मनगटावरचं घड्याळ. रकाने पाडायचे: मधमाशी, पट्टेवाली थबकी, निळी-हिरवी चमकदार माशी, घरमाशी, मुंगी, फुलपाखरू. दर भेटीला एक रेघ. आठवड्यातून दोनदा, त्याच झाडाखाली, मोहर गळेपर्यंत. घोसाला दोरा बांधून ठेवला तर पुढे त्याला किती कैऱ्या धरल्या तेही मोजता येईल. आणि मधल्या काळात बागेत फवारणी झाली असेल तर तिची तारीख आणि औषधाचं नाव वहीच्या समासात लिहून ठेवावं.